जेवणाचा हात

पाटणकर मंडळी पत्रिका मानत नव्हती. पहिल्याच भेटीत त्यांनी हे तीनदा सांगितलं: पोहे खाताना, चहा घेताना आणि निघताना चपला घालताना. पाटणकरबाईंच्या मते गुण, नाडी, मंगळ ही सगळी अडाण्यांची कामं होती. त्यांच्या घरात सगळं शास्त्रीय चालत असे. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी पर्समधून फोन काढला आणि आपल्या मुलाचा, निमिषचा, मेंदूच्या तपासणीचा तोलपट माझ्या भावापुढे धरला. हिरवागार होता. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, शर्वरीचा काढला असेलच ना?

काढलेला नव्हता. हेमंत, म्हणजे माझा भाऊ, असा ओशाळला की जणू मुलीला गोवराची लस टोचायचीच राहून गेली होती. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, आमची ताईच तर काढते, एका दिवसाचं काम आहे. निमिष हसला. तो बरा मुलगा होता, पण आई बोलत असताना त्याला स्वतःचं तोंड आहे याची आठवण राहत नसे.

शर्वरी हेमंतची एकुलती एक, सत्तावीस वर्षांची, दातांची डॉक्टर. हेमंत आणि त्याची बायको पद्मजा दोघंही नोकरी करणारी, त्यामुळे ती लहानाची मोठी माझ्याकडे झाली. मी लग्न केलं नाही, आणि पाटणकरांसारखी माणसं बघितली की ते बरंच केलं असं वाटतं. मुलीला शिस्त मी लावली. पानावर कसं बसायचं, आवाज न करता कसं जेवायचं, चार लोकांत कसं वागायचं, हे सगळं माझ्या हातचं. त्याचा मला फार अभिमान होता. नाशकात लोक म्हणायचे, वैजयंतीने भाचीला काय वळण लावलंय, आणि मी मान वेळावून ऐकून घ्यायचे.

तोलपट काढणं हे माझं रोजचं काम. गंगापूर रोडवरच्या समतोल केंद्रात मी सगळ्यांत जुनी तंत्रज्ञ. ज्यांना अजून काढावा लागला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्या डोक्यात मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, एक लहान मेंदू असतो. कप उचलायचा हे मोठा मेंदू ठरवतो. हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबवायचा, बोटं कोणत्या क्षणी मिटायची, ही बारीक कामं लहान मेंदू करतो, आणि चुकत असलं तर चुकता चुकताच दुरुस्त करतो. तो बिघडला की माणूस दारू न पिता झिंगल्यासारखा चालतो, त्याची जीभ अडखळते, कपाकडे नेलेला हात कपाच्या पलीकडे जातो. पूर्वीचे डॉक्टर हा आजार डोळ्यांनी ओळखायचे. स्वतःच्या नाकाला बोट लाव म्हणायचे, एका रेषेत चालून दाखव म्हणायचे. पण ते दिसेपर्यंत लहान मेंदूतल्या पुष्कळ पेशी मरून गेलेल्या असायच्या.

समतोलच्या यंत्राने हे दहा वर्षं आधी कळायची सोय केली. माणसाला चुंबकाच्या नळीत झोपवायचं, एका हातात छोटी दांडी द्यायची, कानात ठोके वाजवायचे. ठोक्याबरोबर दांडी दाबायची, मग पडद्यावरच्या वळणावळणाच्या वाटेवरून एक ठिपका न्यायचा. वीस मिनिटांत लहान मेंदूच्या कोणत्या भागाने किती रक्त ओढलं याचं चित्र तयार होतं. निरोगी माणसाने उजवा हात हलवला की लहान मेंदूच्या उजव्याच अर्ध्यात एक नेमकी, आटोपशीर जागा उजळते. बिघाड सुरू झाला असेल तर ती जागा फिसकटते, दोन्ही अर्ध्यांत पसरते, आणि हाताचे ठोकेही मागेपुढे पडतात. लाखभर निरोगी माणसांच्या चित्रांशी ताडून यंत्र रंग देतं: हिरवा, पिवळा, तांबडा. यंत्र खरोखर चांगलं आहे. माझी तक्रार यंत्राबद्दल कधीच नव्हती.

सुरुवातीला सक्ती फक्त बसचालक, क्रेन चालवणारे आणि शस्त्रक्रिया करणारे यांना होती. लग्नात तोलपट आणायला कोणी सांगितलं नव्हतं. ते आपल्या लोकांनी आपण होऊन केलं. शोधायला काही नवं मिळालं की आपल्याकडे ते आधी मुलीत शोधतात. वर्षभरात लग्नाच्या जाहिरातींत 'उंच, गोरी, हिरवी' असं यायला लागलं आणि लोकांना ते वाचून हसूही येईना.

शर्वरीला मी बुधवारी दुपारी नळीत घातलं. घरचं माणूस, म्हणून फॉर्म मीच भरला. नाव, वय, उंची, चष्मा, आणि मग तो एक प्रश्न: 'कोणत्या हाताने जेवता?' मी 'उजवा'वर खूण केली. तिला विचारलंही नाही. तो प्रश्न मी कोणालाच विचारत नसे. समोर बसलेला माणूस कोणत्या हाताने जेवतो हे काय विचारायचं?

दांडी तिच्या उजव्या हातात दिली. वीस मिनिटांनी रंग आला तो पिवळा.

मी पडद्याकडे बघत राहिले. उजळलेली जागा दोन्ही अर्ध्यांत पसरली होती, ठोके विस्कटलेले होते. असे पिवळे मी रोज एक-दोन बघायची आणि त्यांना पुढच्या खिडकीवर पाठवून द्यायची. या वेळी मी तिला उठू दिलं नाही. मी पुन्हा केलं. पुन्हा पिवळा. तोवर अहवाल नियमाप्रमाणे आपोआप दंतवैद्यांच्या नोंदणी मंडळाकडे गेला होता.

पुढचं सगळं भराभर झालं, आणि प्रत्येकाने आपापली लायकी दाखवली. तिच्या दवाखान्याच्या मालकाने फार प्रेमाने तिच्या हातातलं दात कोरायचं यंत्र काढून घेतलं आणि तिला पेशंटना दात कसे घासावेत हे समजावून सांगायला बसवलं. आठ वर्षं शिकलेल्या मुलीला. पाटणकरबाईंनी फोन करून सांगितलं की आमचा शर्वरीवर तेवढाच जीव आहे, पण पुढच्या पिढीचा विचार करावा लागतो. निमिषने एक लांबलचक मेसेज पाठवला, त्यात 'समजून घे' हे शब्द चार वेळा होते. हेमंतने नातेवाइकांना काही कळू द्यायचं नाही असं ठरवलं आणि त्याच संध्याकाळी दोघांना स्वतःच सांगून टाकलं.

पद्मजाने घरातले काचेचे कप माळ्यावर टाकले. शर्वरीला ती गरम पातेलं उचलू देईना, जिना उतरताना तिचा दंड धरू लागली. तिसऱ्या दिवशी शर्वरीच्या हातून पहिली वाटी पडली. कोणी बघत असलं की आपण सगळेच धड चालू शकत नाही, पण तेवढं लक्षात कोण घेतं. वाटी पडल्यावर घरात जी शांतता पसरली तिच्यामुळे दुसरी पडली. महिनाभरात शर्वरी भिंतीला हात लावून चालायला लागली. सही वाकडी यायला लागली. तीन महिन्यांनी पुन्हा तोलपट काढला तेव्हा पिवळा आणखी गडद झाला होता.

आमच्या केंद्राचे प्रमुख डॉ. गोसावी, वय छत्तीस. त्यांनी आयुष्यात एकाही रुग्णाला नाकाला बोट लावायला सांगितलेलं नसावं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून ते खूश होऊन म्हणाले, बघा मॅडम, किती लवकर पकडलं आपण. त्यांच्या टेबलामागे मोठं पोस्टर होतं: 'बारापैकी एक! तो एक तुम्ही तर नाही?' आमच्या केंद्रात बारातला एक पिवळा निघत असे. जगात कुठेच हे प्रमाण एवढं नव्हतं. त्यावर गोसावींनी दोन परिषदांत भाषणं ठोकली होती. एका भाषणात त्यांनी दोष मसाल्यांना दिला, दुसऱ्यात चुलत नात्यातल्या लग्नांना.

त्या शनिवारी मी हेमंतकडे गेले. शर्वरी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसली होती. सोफ्यालगतच्या दाराशी तिच्या रबरी चपला होत्या आणि समोरच्या भिंतीवर एक झुरळ वर चढत होतं. पद्मजा किंचाळली. शर्वरीने सोफ्यावरून वाकून एक चप्पल उचलली आणि बसल्या बसल्या फेकली. आठ-नऊ फुटांवरचं धावतं झुरळ. चप्पल नेमकी त्याच्यावर बसली आणि दोन्ही एकदमच खाली पडली.

पद्मजा केरसुणी आणायला गेली. मी मात्र जागची हलले नाही. धावत्या गोष्टीवर नेम धरायचा म्हणजे ती पुढच्या क्षणी कुठे असेल ते आधी ताडायचं आणि बोटं बरोबर त्या वेळी सोडायची. हे काम लहान मेंदूचं, त्याचंच. ज्या मुलीला वाटी सांभाळता येत नव्हती तिने हे केलं होतं, आणि ते केलं होतं डाव्या हाताने.

मी तिला विचारलं, चप्पल त्या हाताने का फेकलीस? तिला प्रश्नच कळला नाही. कोणत्या हाताने फेकायची मग, म्हणाली. दगडही याच हाताने मारते, कात्री याच हाताने धरते. मग म्हणाली, "वरच्या मागच्या दाढेचं काम असलं की मी गुपचूप हात बदलायचे. सोपं जायचं. सरांनी बघितलं तर ओरडतील म्हणून कोणाला सांगितलं नाही."

मी सोफ्यावर बसले. मला तीन वर्षांची शर्वरी आठवली. पाटावर बसून ती डावा हात भातात घालायची आणि मी त्या हातावर फटका मारायची. दिवसातून दोनदा, सहा-सात महिने. फटक्याने भागेना तेव्हा मी त्या हाताच्या बोटांना कारल्याचा रस लावला. शाळेत पेन्सिल धरताना तेच. रडून रडून ती उजव्या हाताने जेवायला लागली आणि सगळ्या नात्यागोत्यात माझं कौतुक झालं. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. मलाही त्या बुधवारी कुठे आठवलं होतं, आणि फॉर्म तर मीच भरत होते.

केंद्रात जाऊन मी जुनी कागदपत्रं उपसली. यंत्राच्या मूळ पुस्तिकेत कोणता हात मुख्य हे ठरवायला दहा प्रश्न होते: लिहिता कशाने, फेकता कशाने, कात्री, काडेपेटी, सुई, चमचा, असे. आपल्याकडे आणताना कोणातरी हुशार माणसाला वाटलं की दहा प्रश्नांत लोक कंटाळतील. त्याने नऊ खोडले आणि शेवटच्या चमच्याचं 'कोणत्या हाताने जेवता' असं करून टाकलं. ज्या देशात डावा हात पानाला लावला तर आजीपासून आत्यापर्यंत सगळ्या धावून येतात, तिथे त्याला हा प्रश्न सुचला. तो जेवताना स्वतःच्या हाताकडे कधी बघत नसावा.

मग मी आमच्या केंद्राची नोंद काढली. चार वर्षांत एकवीस हजार माणसं. सगळीच्या सगळी उजवी. एकवीस हजारांत एक डावखुरा नाही, आणि हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. गोसावींच्या नाही, कंपनीच्या नाही, माझ्याही नाही. नळीत झोपलेल्या डावखुऱ्याच्या नको त्या हातात आम्ही दांडी देत होतो. न सरावलेल्या हाताला मेंदू सगळीकडून ताकद गोळा करून चालवतो, त्यामुळे उजेड पसरतो आणि ठोके चुकतात. उजव्यांच्या लाखभर चित्रांशी ताडलं की तो आजारच दिसणार. बारापैकी एक. दहा-बारातला एक डावखुरा असतो हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

रविवारी सकाळी केंद्र बंद असताना मी शर्वरीला घेऊन गेले. नियमाबाहेरचं होतं, पण नियम पाळून मी काय दिवे लावले होते ते समोरच होतं. या वेळी दांडी तिच्या डाव्या हातात दिली. लहान मेंदूच्या डाव्या अर्ध्यात एक जागा उजळली, मोत्याएवढी, काठ कापून काढल्यासारखे. ठोके घड्याळासारखे पडत होते. इतका स्वच्छ तोलपट मी क्वचितच बघितला असेल.

शर्वरी उठून बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. मी तिला सगळं सांगितलं. फटके, कारल्याचा रस, फॉर्मवरची खूण, काही लपवून ठेवलं नाही. मला वाटलं ती ओरडेल, निदान रडेल.

"तू मला विचारलंही नाहीस, आत्या," ती म्हणाली. "तेव्हाही आणि आताही."

मी यंत्र बंद केलं आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

सोमवारी दोन्ही हातांची चित्रं मी गोसावींच्या टेबलावर ठेवली. त्यांना समजायला चार मिनिटं लागली. माझ्या अंदाजापेक्षा कमीच. त्यांचा चेहरा पांढरा झाला, मग हळूहळू पुन्हा गुळगुळीत झाला. म्हणाले, घाई नको, वर विचारावं लागेल, लोकांत उगाच घबराट पसरेल. मग आवाज खाली आणून बोलले.

"मॅडम, तुमच्या भाचीचं आपण आजच दुरुस्त करून देऊ. तांत्रिक कारण लिहू. विषय संपला."

"आणि बाकीचे सतराशे पिवळे?"

"त्यांनी कुठे तक्रार केलीय?"

मी चार वर्षं या माणसाला उठून 'नमस्कार सर' म्हणत होते. त्या दिवशी बसूनच राहिले. त्यांच्या मागचं पोस्टर वाचत होते. सतराशेंमध्ये सिन्नरचा एक क्रेनवाला होता, तो नोकरी सोडून घरी बसला होता आणि आता चमच्याने पाणी पीत होता. त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, अजून किती दिवस हात चालतील? मी तिला पोस्टरवरचा फोन नंबर दिला होता.

त्याच दुपारी मी दोन्ही चित्रं, मूळ पुस्तिकेचं पान आणि एकवीस हजार उजव्यांची यादी नोंदणी मंडळाला आणि आरोग्य खात्याला पाठवली. पत्रात एकच वाक्य लिहिलं: पिवळ्यांना विचारा, दगड कोणत्या हाताने मारता. दोन महिने मला यंत्रावरून काढून स्वागतकक्षात बसवलं होतं. मग सगळ्या केंद्रांतल्या पिवळ्यांची फेरतपासणी करायचा हुकूम आला. पाचातले चार हिरवे निघाले. कंपनीने माफी मागितली नाही. 'खास भारतीयांसाठी सुधारित प्रश्नावली' अशी जाहिरात केली आणि गोसावींनी तिच्यावर तिसरं भाषण दिलं. क्रेनवालाही हिरवा निघाला. पण पुन्हा क्रेनवर चढायची त्याला आता भीती वाटत होती.

शर्वरीला दवाखान्यात तिचं यंत्र परत मिळालं. आणि पाटणकर मंडळी पेढे घेऊन परत आली.

आम्हाला खात्री होतीच, असं पाटणकरबाई दारातच म्हणाल्या. निमिषने शर्वरीकडे बघून मान हलवली, म्हणजे बहुतेक तीच माफी असावी. हेमंत तर विरघळलाच होता. त्याने सगळ्यांना जेवायला थांबवलं. पद्मजाने माळ्यावरचे काचेचे पेले काढून पुसले. पानं मांडली, वरणभात वाढला, त्यावर तूप सोडलं. पाटणकरबाई विज्ञानाची प्रगती या विषयावर बोलत होत्या.

शर्वरीने उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा भातात घातला.

पद्मजाने आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. या घरात त्या हाताचा बंदोबस्त करणं हे माझं काम होतं. खोटं कशाला सांगू, माझा हात उठलाही होता. चोवीस वर्षांनी, सगळं कळून चुकल्यावर, तो आपसूक उठला आणि तिच्या मनगटाकडे निघाला. मी तो मधेच धरला आणि मांडीखाली दाबून ठेवला. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"अगं, उजव्या हाताने जेव ना," पाटणकरबाई म्हणाल्या. "चार लोकांत बरं नाही दिसत."

"याच हाताचा हिरवा आहे, काकू," शर्वरी म्हणाली. "तुमच्याकडे सगळं शास्त्रीय असतं ना?"

निमिषने आईकडे बघितलं, पानाकडे बघितलं आणि पापड मोडला. त्याच्याकडून दुसरी काही अपेक्षा नव्हती. बाकीचं जेवण हवापाण्याच्या गोष्टींवर उरकलं. पाटणकरबाईंनी गोड घेतलं नाही. निघताना दाराशी चपला घालता घालता त्यांनी हेमंतला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, शर्वरीची जन्मवेळ कळवाल का? तसं काही नाही, पण एकदा बघून घेतलेलं बरं.

आणि माझा भाऊ, शहाणा, शिकलेला, जन्मदाखला शोधायला कपाटाकडे धावला.

"बाबा, शोधू नका," शर्वरी आतून म्हणाली. तिचा आवाज शांत होता. हेमंत कपाटाचं दार धरून उभा राहिला. बाहेर पाटणकरांची गाडी थोडा वेळ थांबली आणि मग गेली.

मी आत आले. सगळे उठले होते, ती एकटीच अजून जेवत होती. बोटं नीट जुळत नव्हती, घास तोंडापर्यंत जाताना शितं पानाबाहेर पडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि तिला आणखी थोडा भात वाढला. तिने नको म्हटलं नाही. तीन वर्षांची असताना मी जिथे थांबवलं होतं, तिथूनच ती पुढे जेवत होती.